खडूची रेघ

माझ्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनासाठी शुक्रवार पेठेतला एक मिस्त्री यायचा. माणसांशी मोजकं बोलायचा, इंजिनाला मात्र विचारायचा, "बोल अम्मा, कहां दुखता?" खडू दगडावर घासून त्याला टोक काढायचा, मगच खूण करायचा.

एकदा त्यानं ठिणगीची जुनी बॅटरी काढून बॅटरीबिगर ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बसवला. ठिणगीची वेळ जुळवून मॅग्नेटोवर न् खालच्या बैठकीवर केसाएवढी रेघ ओढली. "चाचा, इसकू हात नको लगाव," म्हणाला न् नमाजाला गेला.

माझ्याच इंजिनाला मी हात लावायचा न्हाय? ठिणगी आधी पडली तर जोर वाढंल, असं धरून मी मॅग्नेटो सरकवला. त्याची रेघ पुसून माझी ओढली. बोटाएवढी जाड.

तो आला, हँडल फिरवलं. ठिणगी वेळेआधी पडली, इंजिनानं उलटा झटका दिला न् त्याचं मनगट मोडलं.

दळणाच्या बाया धावल्या. "कसं वो झालं, मिस्त्री?"

त्या जाड रेघेकडं बघत तो म्हणाला, "मेरीच गलती, बाई."

आठ दिवसांनी हात गळ्यात बांधून आला. मॅग्नेटो जागेवर घेतला, डाव्या हातानं हँडल धरलं न् मला विचारलं, "चाचा, अब घुमाऊं?"

'चुकलो' म्हणायचं होतं. तोंडातनं नुसतं 'व्हय' निघालं.