तळहात टेकला की हशा

"कोणी सांगितलं होतं तुला तिथं हसू टाकायला?"

"मी नाही टाकलं."

"मग काय, रेडिओ आपणहून हसला?"

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली. समोर भावाचा कामावर जायचा शर्ट पसरला होता. एक बाही झालेली, एक व्हायची. भाऊ आत बाथरूममध्ये दाढी करत होता, नळ चालू होता. म्हणून ती हळू बोलत होती. भाची मात्र दारातच उभी, खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नव्हती.

"समितीतल्या बायका म्हणाल्या, उद्या वॉर्डाच्या सुनावणीला आत्याला आणू नकोस."

"समिती मी काढली, बाळा."

"बाळा म्हणू नकोस मला आत्ता. आरोग्य खात्याचे साहेब जो येईल त्याला फोनवर तेवढाच तुकडा वाजवून दाखवतायत. म्हणे, बाई सख्ख्या वहिनीच्या मरणावर हशा मिळवतात, यांना कशाला हवाय बाळंतपणाचा वॉर्ड? आणि लोकांना पटतंय ते, आत्या. मी काय बोलू त्यांच्यापुढे?"

आत्याला सगळं गावच आत्या म्हणायचं. पोस्टमन, पोलीस, भाजीवाला, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले निवृत्त मास्तरसुद्धा. खऱ्या नात्याने तो हक्क एकटीचा, या दारात उभ्या असलेल्या पोरीचा. लहानपणी ती यावरून शाळेत मारामाऱ्या करून यायची. 'ती माझी आत्या आहे, तुमची नाही.'

आत्या मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधली. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच लोकांच्या नकला करून मैत्रिणींना लोळवायची. एकदा लाइन चालू राहिली आणि रेडिओ स्टेशनच्या साहेबांनी स्वतःचीच नक्कल स्वतःच्या कानांनी ऐकली, मध्ये मध्ये खाकरण्यासकट. आता गेली नोकरी म्हणून तिने डबा आवरायला घेतला. साहेबांनी खाकरून विचारलं, "हे तुम्हाला रोज जमेल का?"

तशी ती रेडिओवर आली. संध्याकाळची वेळ, घरोघरी दिवे लागत असायचे आणि एक खवचट म्हातारी बोलायला लागायची. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. पण आवाज असा काढायची, की दात पडलेले दिसावेत. "अरे, आमच्या गल्लीतल्या खांबावर दिवा लागला म्हणे. मी गेले बघायला. काजवा होता रे, पगारी." दुसऱ्या दिवशी वायरमन शिडी घेऊन हजर. खात्यातल्या माणसाला शिव्या खायची सवय असते, पण घरी गेल्यावर बायको-पोरं फिदीफिदी हसायला लागली, की त्याचा जीव टांगणीला लागतो. आत्याने हे बरोबर हेरलं होतं. अर्ज, मोर्चा, घेराव, सगळं तिने केलं, अगदी कोठडीतही बसून आली. पण कामं झाली ती हसवून.

समोर काचेपलीकडे भाऊ. तोच तिचा तंत्रज्ञ. लिहिलेला कागद नाहीच, दोघांची खूण एकच. आत्याने उजवा तळहात टेबलावर टेकला, की भाऊ बटण दाबणार आणि हशा सुटणार. तो हशा सुरुवातीला एकदाच, स्टेशनच्या हॉलमध्ये शेजारीपाजारी बोलावून रेकॉर्ड केलेला. सगळे थांबल्यावरही त्यात एक बाई हसत राहते, उचकी लागल्यासारखी. ती वहिनी. तिला हसू आवरायचंच नाही.

त्यानंतरच्या वर्षी वहिनीला कळा सुरू झाल्या, तेव्हा गावात बाळंतपणाची सोय नव्हती. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच पोरगी झाली. वहिनी तिथवर पोचली नाही. आत्याने लग्नाचा विषय कायमचा मिटवून टाकला आणि पोरीला पदराखाली घेतलं. पोरगी रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायची, विनोदासाठी नव्हे. "बाबांनी सांगितलंय, शेवटी हसते ती माझी आई."

वॉर्ड आणायला आत्याला वर्षं लागली. म्हातारीच्या तोंडून तिने खात्याच्या नाकी नऊ आणले. वॉर्ड आला, गावातली पोरं गावातच जन्मायला लागली. वहिनीचं नाव मात्र तिने एकदाही काढलं नव्हतं.

आता वॉर्ड बंद व्हायचा होता. पेशंट कमी पडतात म्हणे. आत्याने म्हातारीच्या आवाजात खूप टोमणे मारले. लोक पोट धरून हसले आणि झोपले. म्हणून तिने ठरवलं, एकदा आपल्या आवाजात बोलायचं. भावाला आधी सांगितलं नाही. तो नको म्हणेल, ही भीती होती.

ती बोलली. गाडी, रस्ता, अंधारातलं वळण, सगळं सांगितलं. "मोठ्या दवाखान्याच्या पाट्या दिसायला लागल्या, आणि माझी वहिनी..." इथं तिचा आवाज गेला. आधार हवा म्हणून हात पुढे झाला. उजवाच.

काचेपलीकडे भावाची मान खाली होती. डोळे फक्त तिच्या हातावर. आणि सगळा हॉल हसला. सगळे थांबले, तरी वहिनी हसत राहिली. आत्याने वर पाहिलं तेव्हा भाऊ आपल्या बोटाकडे बघत होता, ते दुसऱ्याच कोणाचं असावं तसा.

तेव्हापासून घरात दोघं या विषयावर अवाक्षर बोलले नव्हते. चूक कोणाची, हे उद्या चारचौघांत सांगितलं तर समिती ऐकेल, वॉर्डाची बाजूही सावरेल. पण मग पोरीच्या ध्यानात येईल, त्या वाक्यावर बटण दाबलं ते बाबांनी. आजवर तिच्या लेखी हसू आत्याचंच होतं. भाऊ स्वतःहून सांगेल, या आशेवर आत्या थांबली होती. त्याने सांगितलं नव्हतं. तो वेळेवर जेवायचा आणि ताट धुऊन ठेवायचा.

"ती क्लिप मी परत ऐकली," भाची म्हणाली. "आईचंच हसू, आत्या. दुसरं काही मिळालं नाही तुला?"

"मी उद्या येते. सगळं सांगते नीट."

"काय सांगशील? मला सांग आधी."

आत्याने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. नळ बंद झाला.

भाऊ बाहेर आला. गळ्यात टॉवेल, कानाखाली फेस राहिलेला. त्याने दोघींकडे पाहिलं आणि शर्टाकडे हात केला.

"एक बाही राहिलीय," आत्या म्हणाली.

"असू दे, ताई."

"बाबा, तुम्ही तर समोरच होता," भाची त्याच्याकडे वळली. "हिने खूण केली का?"

तो शर्ट चढवून बटणं लावू लागला. वरचं बटण खालच्या काजात गेलं.

"केली," आत्या म्हणाली. "टेकला होता मी हात. त्याला कशाला विचारतेस?"

"म्हणजे बटण बाबांनी दाबलं?"

भाची हे अगदी सावकाश म्हणाली, आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी. पिशवी तिच्या खांद्यावरून घसरून कोपरात आली.

"तसं नाही गं. हात बघितला की आपोआप..." आत्या पुढे झाली, दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिथून हलावं कुठे ते तिला कळेना.

"तू थांब, आत्या. बाबा, हेडफोन होता ना कानाला? ती आईबद्दल बोलत होती. तुम्ही ऐकत होता ना?"

भावाने डब्याची पिशवी खुंटीवरून काढली.

"बाबा, मी काहीतरी विचारलंय."

त्याने चपला पायांत सरकवल्या, भाचीच्या बाजूने अंग चोरून दाराबाहेर पडला आणि जिना उतरू लागला.