कौलाआधी लिहिलेली तारीख

सार्वजनिक सुट्टीला लागून रजा मागणाऱ्या कर्मचाऱ्याकडे संशयित म्हणून पाहण्याची जी वहिवाट कचेऱ्यांतून पडली आहे, तिच्याविरुद्ध मी आयुष्यभर पत्रे लिहिली. बहुतेकांना उत्तर आले नाही; ज्यांना आले, त्यांत मूळ मुद्द्याला बगल दिलेली होती. माझा संताप अद्याप शमलेला नाही. परंतु त्या वहिवाटीतल्याच एका नियमामुळे एका वृद्ध गृहस्थांचे जे ऋण माझ्यावर चढले, त्याविषयी मी आजवर एक ओळही लिहिली नाही. ती आज लिहीत आहे.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी वेंगुर्ल्यास एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. अजून कायम झालेलो नव्हतो. नियम असा होता : सुट्टीच्या एकाच बाजूस रजा घेतली, तर तेवढीच रजा धरावी, दोन्ही बाजूंस घेतली, तर मधली सुट्टीही रजेतच मोजावी. रविवार सर्वांना दिलेला असताना तो एकट्या माझ्याकडून परत घेण्याचा अधिकार कचेरीस कोणी दिला, असे मी अव्वल कारकुनांना विचारले.

"आधी कायम व्हा," ते म्हणाले, "मग विचारा."

शिल्लक रजा संपली की पुढचे दिवस बिनपगारी, आणि कायम होण्यापूर्वी बिनपगारी म्हणजे नोकरीत खंड. खंड पडलेल्या उमेदवाराला घरी पाठवल्याचे उदाहरण माझ्या शेजारच्याच रिकाम्या खुर्चीवर होते.

इकडे गावी, तोंडवलीच्या पलीकडे, आईचा नवस फेडायचा राहिला होता. लहानपणी मला विषमज्वर झाला, तेव्हा तिने देवीला सांगितले होते की मुलगा वाचून नोकरीला लागला, तर पहिल्याच जत्रेत त्याची नारळांनी तुला करीन. वडील नव्हते. आमच्या परसातील आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले नारळ ती पावसाळ्यापासून पडवीत रचत होती. फेडायचा राहिलेला नवस मुलावर उलटतो, या भीतीने तिला झोप लागत नसे. आणि तुलेला मीच पारड्यात बसणे आवश्यक होते. या कामी मुखत्यारपत्र चालत नाही.

आमच्या गावची जत्रा पंचांगात नसते. भात घरात आले, की देवीला कौल लावतात आणि ती सांगेल तो दिवस धरतात. कचेरीला मात्र अर्जावर तारीख आधी हवी. मागील काही वर्षे जत्रा एका सणाच्या सुट्टीच्या दिवशीच आली होती. त्या वर्षी ती सुट्टी सोमवारी होती. मी कायदेशीर डोके चालवून शनिवारची रजा मंजूर करून घेतली आणि दोन खाड्या होडीने ओलांडून तिन्हीसांजेला घरी पोचलो.

आई दारातच उभी होती. "निरोप पोचाक नाय तुका? देवीन मंगळवार दिल्यान!"

निरोप घेऊन निघालेला माणूस मी सुटल्यावर वेंगुर्ल्यास पोचला होता. मंगळवारी थांबलो असतो, तर मधला रविवार व सोमवार दोन्ही रजेत बुडाले असते, शिल्लक ओलांडली असती आणि नोकरी गेली असती. निघून गेलो असतो, तर नवस राहिला असता. मी अंगणातच त्या नियमाच्या कर्त्याचा उद्धार सुरू केला. आई पडवीत जाऊन नारळांच्या राशीजवळ बसून राहिली.

रविवारी सकाळी मी देवळात गेलो. देवीपुढे गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे गावाच्या वतीने मागणे मांडण्याचा, मान ज्यांच्या घराण्याकडे होता, ते वृद्ध गावकर पायरीवर विडा चघळत बसले होते. आवाज खणखणीत, जीभ त्याहून तिखट. माझी बातमी माझ्याआधी तेथे पोचली होती.

"इलो, इलो! देवीच्या आधी तारीख लिवणारो इलो! रे झिला, देवी काय तुझ्या कचेरीत कामाक आसा?"

मंडळी हसली. एकजण म्हणाला, "म्हणानच तिना एक दिस फुडे ढकलल्यान."

"काका, थट्टा पुरे," मी म्हणालो. "आईचा जीव टांगणीला लागला आहे."

त्यांनी विडा थुंकला. "कचेरीतला मराठी देवळाभायर ठेव. काय अडचण ती सरळ सांग."

मी नियम सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला आणि मध्येच विचारले, "म्हणजे आयतवार पण खातत? मेल्यांचा प्वाट केवढा!" मग ते उठले, हातपाय धुतले आणि देवीसमोर उभे राहिले.

त्या दिवशी त्यांनी घातलेले गाऱ्हाणे मी विसरलो नाही. जत्रा मंगळवारचीच, त्यात बदल मागत नाही, हे त्यांनी प्रथम सांगितले. चूक झिलाची, त्याच्या आवशीची नव्हे, हे दुसरे. "आणि म्हाराजा, ह्येच्या सायबाचो असो एक कायदो आसा," असे म्हणून त्यांनी आमचा रजेचा नियम शनिवारपासून मंगळवारपर्यंत जसाच्या तसा देवीपुढे मांडला. मंडळी प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणत होती. शेवटी मागणी एवढीच : या एका पोराची तुला एक दिवस आधी स्वीकारावी.

मूर्तीवर उजव्या-डाव्या बाजूंना पाण्याने तांदळाचे दाणे चिकटवले. उजवा आधी पडला तर होकार. आई खांबाला धरून उभी होती. तिच्याकडे पाहण्याचा मला धीर झाला नाही. बराच वेळ काहीच हलले नाही. मग उजव्या बाजूचा दाणा घरंगळला.

"दिल्यान!" गावकर ओरडले.

सोमवारी सकाळी देवळासमोरच्या फणसाच्या फांदीला तराजू टांगला. मी पारड्यात बसलो. राशीतले नारळ संपत आले तरी माझे पारडे उचलेना, तेव्हा कोणी म्हणाले, "सरकारी पगार लागलो अंगाक!" गावकरांनी स्वतःच्या घरून आणलेले नारळ मुकाट्याने वर ठेवले. पारडे उचलले. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता जा. तुझी होडी चुकात."

मंगळवारी मी हजेरीपत्रकावर सही केली. साहेबांनी विचारले, "काय, जत्रा झाली?"

"आज आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा फायलीत मान घातली.

पुढल्या वर्षी मी अर्जात तारखेच्या जागी 'देवीच्या कौलाप्रमाणे' असे लिहिले. अव्वल कारकुनांनी अर्ज परत केला. मी पुन्हा पाठवला, आणि या खेपेस गाऱ्हाण्याच्या क्रमाने लिहिला : नियम मान्य आहे, बदल मागत नाही, अडचण अशी, सवलत एवढीच. साहेबांनी तो ठेवून घेतला, आणि कौलाचा निरोप आल्यावर तारीख स्वतःच्या हाताने भरून सही केली. तो नियम त्यानंतरही कायम राहिला, आणि त्याविरुद्धची माझी पत्रेही. मात्र रजेचा एकही अर्ज मी पुन्हा दुसऱ्या क्रमाने लिहिला नाही.

त्या वर्षी जत्रेला गेलो, तेव्हा गावकर त्याच पायरीवर होते.

"सायबान सोडल्यान तुका?"

"सोडल्यान, काका," मी म्हणालो. "कौल दिल्यान."