समोरच्या घरातली अर्जदार

प्रौढ म्हणावं असं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि ते तेव्हा तेरा वर्षांचं होतं. बाकी आपण सगळे नुसते वयाने वाढलेले. साठी ओलांडली तरी माझा पासपोर्ट कुठे आहे हे मी अजून बायकोला विचारतो. आमच्या समोरच्या घरातली ही मुलगी मात्र स्वतःचा पासपोर्ट, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, शाळेचे निकाल आणि दातांच्या डॉक्टरची पुढची तारीख असं सगळं एका निळ्या फाईलीत, अनुक्रमणिकेसकट ठेवून असायची. आमच्याकडे यायच्या आधी ती मेसेज करून वेळ घ्यायची. 'काका, चार ते साडेचार फ्री आहात का?' बरोबर चारला बेल वाजायची. दारात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून, जोडीने लावून, ती आत यायची आणि साडेचारला उठायची. काकूंनी, म्हणजे माझ्या बायकोने, थालीपीठ लावलं असेल तर पाच वाजेपर्यंत मुदतवाढ मागून घ्यायची.

हिला असं का व्हावं लागलं, हे कळायला तिचे आईवडील माहीत हवेत. वडील म्हणजे ऑकलंडमधल्या समस्त मराठी लोकांचा माइक. लग्न असो, दिवाळी मेळा असो, कुणाची एकसष्टी असो, निवेदनाला हेच. एके काळी मुंबईत त्यांनी एका मालिकेत इन्स्पेक्टरचं काम केलं होतं. तीन भागांनंतर इन्स्पेक्टरची बदली झाली आणि हे न्यूझीलंडला आले. दिवसा ते पेनरोजमध्ये एका गोदामाचे कॉम्प्युटर सांभाळत, पण त्याला ते आयुष्यातलं मध्यंतर समजत. बुधवारी सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवतानासुद्धा 'रसिकहो' म्हणतील की काय असं वाटायचं. आई नृत्यांगना. लावणीपासून हिंदी गाण्यांपर्यंत सगळं शिकवणारा तिचा क्लास होता आणि बावीस बायकांचा संच होता. तिला रडू आलं तरी आधी उजेड कुठून येतोय हे बघून मगच ती रडायची. दोघं माणसं वाईट नव्हती, हे इथेच सांगून टाकतो. दिलदार होती, कुणाच्याही अडीअडचणीला धावायची. फक्त समोर कुणी आलं की त्या माणसाचा ती प्रेक्षक करून टाकायची. घटस्फोटसुद्धा त्यांनी आपापल्या वेगवेगळ्या कार्यक्रमांत जाहीर केला, आणि दोन्हीकडे टाळ्या पडल्या.

त्यानंतर मुलगी एक आठवडा समोर वडिलांकडे आणि एक आठवडा दहा मिनिटांवर आईकडे राहू लागली. म्हणजे तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात कुणाचा कार्यक्रम कधी आणि तालीम कधी यावर सगळं हलायचं, आणि कुणाची पाळी आहे हे फक्त मुलीलाच ठाऊक असायचं. तिने दोघांच्या कार्यक्रमांचं एक वेळापत्रक करून ते दोन्ही घरांच्या फ्रिजवर लावलं होतं. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर ती दोन महिने आधी सही घेऊन ठेवायची, कारण ऐन वेळी वडील हाताशी असले तरी सहीऐवजी स्वाक्षरी देत, शुभेच्छांसकट. तिचे स्वतःचे वाढदिवस वर्षाला दोन व्हायचे, एक आईला हॉल मिळेल त्या शनिवारी आणि एक वडिलांना मिळेल त्या. खऱ्या तारखेला काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

टाळ्यांशी तिचं वैर होतं. कुणी टाळ्या वाजवल्या की ती खोलीतून उठून जायची. आरती संपल्यावरच्या टाळ्यांनाही तिने सवलत दिली नव्हती. आणि फोटो? आईवडिलांच्या फोनमध्ये या मुलीचे हजारो फोटो असतील, पण एकाही फोटोत तिचे डोळे उघडे नाहीत. बटण दाबायच्या नेमक्या क्षणी ती डोळे मिटायची. योगायोग असेल म्हणून मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाली, "प्रॅक्टिस केली काका. टूक हीप्स ऑफ टाइम. डोळे मिटलेला फोटो पोस्ट करत नाहीत ते." वडिलांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरीचे डोळे नाजूक आहेत. ते तिला दोनदा चष्म्याच्या दुकानातही घेऊन गेले.

मी जस्टिस ऑफ द पीस आहे. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आणि बिनपगारी. दर शनिवारी सकाळी लायब्ररीत एका टेबलामागे बसायचं, लोकांच्या कागदांच्या नकला मूळ कागदांशी ताडून बघायच्या, शपथ घेऊन सही करायची असेल तर ती समोर करून घ्यायची आणि शिक्का मारायचा. एका शनिवारी रांगेत पाचव्या नंबरवर ही उभी. नंबर आल्यावर ओळख न दाखवता 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार केला आणि जन्मदाखल्याची नकल पुढे केली. मी ताडून बघू लागलो आणि तारखेवर थांबलो. तारीख त्याच दिवसाची होती. मी म्हटलं, अगं, आज तुझा वाढदिवस? ती म्हणाली, "हो. म्हणूनच आज आले. आज मी तेरा पूर्ण केली. आता माझं ऐकून घ्यायला लागेल." कुणी, असं मी विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "कोर्टाने."

अमेरिकेत म्हणे मुलांना अर्ज करून आईवडिलांपासून कायद्याने मोकळं होता येतं. हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि तिला तेच हवं होतं. मी समजूत घालायला गेलो. आईवडील ते आईवडील, असं काहीतरी बोललो असेन. तिने पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, यात तुमचा काही कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट नाही ना? कारण मी तुमच्याकडे जेवलेय. स्टेटमेंटवर सही मी दुसऱ्या कोणासमोर करीन." मला वाईट वाटलं आणि भलताच अभिमानही वाटला. त्या दिवशी आमच्याकडे तिने वरणभात आणि श्रीखंड खाल्लं, आणि काकूंनी ओवाळलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत ही अट आधी घातली.

फुकट सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंकडे ती एकटी बसने जाऊन आली. तिथे कळलं की इथे असं मोकळं होता येत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत कुणीतरी पालक हवाच. मात्र तिने कुठे राहायचं आणि तिची जबाबदारी आणखी कुणी घ्यायची, हे कोर्ट ठरवू शकतं, तसा अर्ज एखाद्या मोठ्या माणसाने करावा लागतो आणि मुलीचं म्हणणं मांडायला कोर्ट तिला वेगळा वकील देतं. दुसरी कुणी असती तर खचली असती. ही परत आली आणि तिने फाईलीत नवा विभाग उघडला. आता तिला पालक नेमायचा होता.

त्यासाठी तिने रीतसर मुलाखत घेतली. उमेदवार एकच होती, तिची आत्या. वडिलांची ही थोरली बहीण शहराबाहेर पुकेकोहेला कांद्याच्या पॅकिंगच्या कारखान्यात माल तपासायचं काम करते. भावाच्या वाट्याचं मौन बहुतेक हिच्याकडे आलं असावं. मी मुलीला गाडीने तिकडे सोडायला गेलो होतो, म्हणून मुलाखत मला ऐकायला मिळाली. तू गातेस का? नाही. कधी स्टेजवर गेली आहेस? एकदा सत्काराला बोलावलं होतं, गेले नाही. संध्याकाळी कामावरून किती वाजता येतेस? साडेपाचला. रोज? रोज. त्या 'रोज'वर मुलीचं पेन थांबलं. तिने तो शब्द लिहून घेतला, खाली रेघ मारली आणि फाईल मिटली. आत्याने मला न विचारता चहात साखर घातली आणि ती अर्जावर सही करायला तयार झाली.

आणि मग जे झालं ते फक्त याच कुटुंबात होऊ शकतं. कोर्टाचे कागद अचानक हातात पडू नयेत म्हणून मुलीने आपल्या निवेदनाचा मसुदा आईवडिलांना आठवडाभर आधी ईमेलने पाठवला. नऊ पानं, परिच्छेदांना नंबर, 'वडील म्हणाले', 'आई म्हणाली' असं सगळं नीट लिहिलेलं. नेमके ते इथल्या मराठी मंडळाच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस होते. दोघांनाही वाटलं, पोरीने एकांकिका लिहिली. घटस्फोटानंतर एका छताखाली न आलेली ही दोन माणसं त्या रविवारी दुपारी, पाच मिनिटांच्या अंतराने, हातात छापील पानं घेऊन आमच्या घरी हजर झाली, कारण मुलगी आमच्या जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत बसली होती.

वडिलांचा ऊर भरून आला होता. लिखाणात काय ताकद आहे, म्हणाले, फक्त वडिलांचं पात्र जरा एकांगी झालंय. आईची तक्रार वेगळी होती. आईच्या पात्राला अख्ख्या नऊ पानांत एक मोठं वाक्य नाही. दिग्दर्शन कुणी करायचं यावर त्यांची लगेच जुंपली. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या. मुलीने पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, हे नाटक नाहीये," ती म्हणाली. "परिच्छेद चौदा वाच. मोठ्याने."

मोठ्याने वाच म्हटल्यावर ते नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, पान हातभर लांब धरलं आणि त्या प्रसिद्ध आवाजात इंग्रजीत सुरुवात केली. मजकूर साधारण असा होता. गेल्या दिवाळी मेळ्यात दुपारी दोघांचे कार्यक्रम झाले. दोघांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मग बाबाला वाटलं मी आईच्या गाडीत आहे आणि आईला वाटलं मी बाबाच्या. मी गेटपाशी उभी राहिले. मग बसने आले. शनिवार, रविवार आणि सोमवार मी कुठे होते हे कोणी विचारलं नाही. पहिल्या दोन ओळी सभागृह भरून टाकणाऱ्या आवाजात आल्या. 'गेटपाशी'ला आवाज खाली आला. शेवटची ओळ त्यांनी वाचली तेव्हा त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो बराच बारीक होता.

आईने पान त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग मुलीला विचारलं, "कुठे होतीस?"

मुलीच्या आधी काकू बोलल्या. "इथे होती. आमच्याकडे." तेव्हा मलाही ते दिवस आठवले. आई-बाबांना माहितीये, असं ती म्हणाली होती आणि मी खात्री केली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद ताडून बघणारा माणूस मी, आणि समोर रस्ता ओलांडून विचारायचं किंवा एक फोन करायचं मला सुचलं नाही. नवीन चादर काढून दिली, सोमवारी सुट्टी म्हणून उशिरापर्यंत झोपू दिलं आणि आपण किती चांगले शेजारी आहोत असं मानत राहिलो. परिच्छेद चौदामध्ये तिने माझं नाव घातलं नव्हतं, ही तिची मेहेरबानी.

आई रडली. या वेळी तिने उजेड बघितला नाही. ओट्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून रडली. वडील 'मला वाटलं' एवढंच दोन-तीनदा म्हणाले आणि वाक्य काही पुरं करू शकले नाहीत. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, पण तिने ना कुणाला मिठी मारली ना आपला अर्ज मागे घेतला. चहा निवतोय, एवढं म्हणाली. तिच्या जागी आपण मोठी माणसं असतो तर तिथेच विरघळलो असतो.

अर्जाला दोघांनीही हरकत घेतली नाही. फॅमिली कोर्टाने दिलेल्या वकिलाने तिचं सगळं म्हणणं मांडलं, आणि मुलीने पुकेकोहेला आत्याकडे राहावं, आत्याही तिची कायदेशीर पालक असावी, असं ठरलं. शेवटी वकिलाने तिला विचारलं होतं की आईवडिलांच्या बाबतीत आणखी काही हवंय का. सगळ्यांना वाटलं, आता मनाईंची यादी निघणार. तिने एकच गोष्ट मागितली. रविवारी त्यांनी यावं आणि काही करू नये. नुसतं बसावं.

परवा रविवारी आम्ही पुकेकोहेला गेलो होतो. घराच्या मागे लांबपर्यंत कांद्याची शेतं आहेत आणि स्वयंपाकघरात चार खुर्च्यांचं टेबल आहे. दोघंही आले होते. वडील मटार सोलत होते आणि अत्यंत वाईट सोलत होते. निम्मे दाणे जमिनीवर. मधेच त्यांनी मान वर करून श्वास घेतला, आता हे मटारावर दोन शब्द बोलणार असं आम्हाला वाटलं, पण त्यांनी मान खाली घातली आणि पुढची शेंग उचलली. आईच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून ती मुलीच्या वहीचे कोपरे सरळ करत बसली होती. मुलगी मातीतल्या ओलाव्याबद्दल शाळेत काय काय मोजलं ते सांगत होती, अगदी लांबण लावून, कंटाळवाणं, आणि दोघं ऐकत होती. मध्ये आत्याने फोटो काढला, भाचीच्या परवानगीने. त्यात तिचे डोळे कसे आले हे मी बघायला विसरलो.

चारला आईवडिलांच्या गाड्या एकामागून एक निघाल्या. मुलगी फाटकापाशी उभी राहिली. पहिली गाडी वळली, दुसरी वळली, रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी ती आत येईना. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत तिने मला वेळ विचारली होती, नियम विचारले होते, नकलेला शिक्के किती लागतात तेही विचारलं होतं. आता तिने माझ्याकडे न बघता विचारलं,

"काका, पुढच्या रविवारी येतील ना ते?"

मी 'येतील' म्हणालो. मला काय माहीत? पण मी म्हणालो. तिने माझा हात धरला, आणि तेव्हा मला जाणवलं की तिचा हात अजून किती लहान आहे.