पाऊण इंचाची धार

आमच्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही. "घसरतं," म्हणतात. पण गेली एकवीस वर्षं आमच्या गावातले आइस हॉकी खेळणारे झाडून सगळे त्यांच्याच हातची धार लावून खेळतात. सगळे त्यांना धारवाल्या बाई म्हणतात. मी आई म्हणते, आणि रागात असले तर काहीच म्हणत नाही.

राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. संघातल्या मुली मला तोफ म्हणतात, ते काही उगाच नाही.

त्यांची खोली मैदानाच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे. छत उतरतं, त्यामुळे दारापाशी ताठ उभं राहायचं आणि आत जाल तसं वाकायचं. एक धार लावायचं यंत्र, एक बाक, काळ्या भुकटीने कायमचा मळलेला टॉवेल, चहाची किटली. बर्फाच्या बाजूला एक बुटकी काच आहे. तिच्यातून खेळणाऱ्यांचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसतात. त्यामुळे सासूबाई माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, घोट्यांवरून ओळखतात. एकदा बाजारात एका बाईने नमस्कार केला, तर यांनी आधी खाली तिच्या पायांकडे बघितलं आणि मग म्हणाल्या, "अगं बाई, तू होय!"

हे काम मूळ सासऱ्यांचं. त्यांचा खांदा धरला, तेव्हा सासूबाई नुसते स्केट्स धरायला म्हणून जाऊन बसल्या. महिन्याभरात सासरे बाकावर आणि बाई यंत्रावर. सासरे गेले, त्या यंत्रावरच राहिल्या.

आता धारेचं जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. स्केटच्या पात्याला सुरीसारखी एक धार नसते. पात्याच्या मधोमध लांबच्या लांब खाच असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे दोन धारा. दगडी चाकाला हिऱ्याच्या टोकाने गोलवा द्यायचा आणि पातं त्यावरून फिरवायचं. गोलवा अर्ध्या इंचाचा ठेवला तर खाच खोल, धार बर्फात रुतून बसते. पाऊण इंचाचा ठेवला तर खाच उथळ, पाय मोकळा सरकतो. दुसरी रीत हातातल्या छोट्या दगडाची. मॅच चालू असताना धार मोडली तर तोच कामाला येतो, पण ती वेळ मारून नेणं झालं. तिसरी रीत दुकानातल्या पेटीची. स्केट आत सरकवा, आकडा निवडा, बटण दाबा, पेटी आपली आपण धार लावते. दर वेळी अगदी तश्शी, केसाचाही फरक नाही. सासूबाई त्या पेटीला नावं ठेवत नाहीत. "छान काम करते," म्हणतात, "सांगाल ते करते."

त्या स्वतः धार लावून झाली की पात्यावर नाणं आडवं ठेवून बघतात, दोन्ही कडा सारख्या आहेत की नाही. मग कडेवर अंगठ्याचं नख हलकेच ओढतात. नखाचा भुगा पडला की पसंत. त्यांच्या अंगठ्याचं नख कधी वाढलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या स्केटच्या बुटाच्या जिभेवर आतून त्यांनी चिकटवलेली पट्टी होती. तिच्यावर त्यांच्या अक्षरात 'अर्धा'. नऊ वर्षं माझा आकडा तोच. लग्नाच्या आधीपासूनचा. खरं तर आमची सोयरीकच त्या खोलीत जुळली, पण तो वेगळा विषय.

मुलगी झाली आणि आठ महिन्यांनी मी परत मैदानात उतरले. तीन आठवड्यांवर संघाची निवड होती. आमच्या प्रशिक्षक बाईंनी तोंडावर सांगितलं, "जागा राखून ठेवणार नाही. या वेळी नाही जमलं तर तुझी जागा नव्या मुलीला." वय एकतीस. एकदा जागा गेली की गेली, हे मलाही कळत होतं आणि घरात सगळ्यांनाच.

आणि मला जमेना! वळायला गेले की पाय अडके. थांबायला गेले की पातं बर्फात रुते आणि मी तोंडावर. पाच मिनिटांत मांड्या भरून येत. काल आलेल्या पोरी माझ्या बाजूने सुर्रकन निघून जात. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. नवरा दाराबाहेरून विचारायचा, "पाणी तापलंय ना?" देवमाणूस!

तिसऱ्या दिवशी मी तणतणत पायऱ्यांखाली गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, तुमचा हात आता थरथरतो. धार बिघडलीय."

त्यांनी नाणं ठेवून दाखवलं. तसूभरही कललं नाही.

"नाण्याचं काय सांगता! पडतेय ती मी!"

नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. पण धार सगळी त्यांच्या हातात, जिभेला कधी आलीच नाही. मी स्केट्स उचलले आणि तरातरा दुकानात गेले. पेटीत घातले, अर्धा निवडला, बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी आणखी जोरात आपटले. हनुवटीला तीन टाके.

मग कळून चुकलं की धारेत खोट नाही, खोट माझ्यातच आहे. निवडीच्या आदल्या सकाळी मी स्केट्स सासूबाईंच्या बाकावर नेऊन ठेवले. माफी मागायचं ओठांवर होतं, पण पडले तरी नाक वर. म्हटलं, "उद्या शेवटचं खेळून घेते. मग हे विकून टाका."

त्यांनी हनुवटीकडे बघितलं. मग विचारलं, "अर्धाच ना?"

"अर्धाच. दुसरं काय असणार?"

"बरं. जा, पोरगी उठली असेल."

दुसऱ्या दिवशी मी बर्फावर उतरले आणि पहिल्याच वळणाला पाय मोकळा सुटला. थांबले, तर बर्फाचा भुगा उडाला आणि मी उभी! मनात म्हटलं, आले गं बाई, माझे पाय परत आले. तासभर जीव तोडून खेळले. संध्याकाळी यादी लागली, तिच्यात मी होते. घरी येऊन ऐटीत सांगितलं, "जिद्द लागते जिद्द!" सासूबाई मुलीला भरवत होत्या. "हो तर," म्हणाल्या.

महिन्याभराने परगावी मॅच होती. तिथल्या धारवाल्याने आकडा विचारला. मी पट्टी दाखवली. त्याने माप लावून बघितलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला, "ताई, लिहिलंय अर्धा, पण ही तर पाऊणची धार आहे. चुकून लागली का?"

मी म्हटलं, "त्यांच्या हातून चूक होत नाही." आणि मग माझंच मला ऐकू आलं.

बाळंतपणात माझं वजन चौदा किलोने वाढलं होतं, त्यातलं अकरा अजून अंगावर होतं. जड माणसाला खोल खाच दिली की पातं जास्तच रुततं, एवढी साधी गोष्ट. नऊ वर्षं मी ही खोली बघतेय, मला कळायला नको? पण माझ्या वजनाचा घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा माझा दराराच होता. मीच तो बसवलेला.

परतल्यावर बॅग खांद्यावर तशीच ठेवून पायऱ्यांखाली गेले. यंत्र चालू होतं. ते थांबेपर्यंत उभी राहिले, वाकून.

"आई, मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? तुझ्या हातात काठी असते." मग टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "काचेतून तुझे घोटे दिसत होते. शंका पहिल्याच दिवशी आली, पण तू अर्धा-अर्धा करत होतीस. म्हटलं, एकदा आपल्या मनाने लावून बघावी."

"आणि तरी माझं ऐकून घेतलंत? हात थरथरतो म्हटलं मी तुम्हाला!"

"वजन वाढलं ते आमच्या नातीपायी ना? मग त्याची सोय आम्हीच नको का करायला?"

त्या अरुंद जागेत जमेल तशी मी त्यांच्या गळ्यात पडले. डोकं छताला आपटलं. खूप रडले आणि या वेळी नळ सोडला नाही. "आई, चुकलं माझं. तुम्ही होतात म्हणून मी आहे संघात," एवढं कसंबसं म्हणाले.

"अगं, भुकटी लागेल कपड्यांना."

मी बॅगेतून स्केट काढला, जिभेवरची पट्टी नखाने खरवडून काढली आणि बूट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, नवी पट्टी चिकटवली, पेन उघडलं आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"लिहा," म्हटलं, "पाऊण. मोठ्या अक्षरात लिहा."