नापासाची मिरवणूक

माझा भाऊ मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली. मी वाढवून सांगत नाही. गुलाल होता, ताशे होते. मोटार-अड्ड्यापासून आमच्या दारापर्यंत पोरांनी त्याला खांद्यावर बसवून आणलं. तो इतका लांब की त्याचे पाय खालच्या पोरांच्या पोटावर आपटत होते. आमच्या आईला ओवाळायला दारात उभं राहावं लागलं. पास झालेल्या पोराला ओवाळणाऱ्या आया सगळीकडे असतात. नापासाला ओवाळणारी बाई त्या मुलखात एकच झाली आणि ती आमच्या घरातली होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मॅट्रिकची परीक्षा नागपूरच्या बोर्डाची असे. आमचं गाव घाटावरचं, तालुक्याचं. वडील कचेरीत कारकून. कारकुनाच्या घरात पोरगा मॅट्रिक होणं म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. वडिलांच्या साहेबाने तोंडी कबूल केलं होतं की मुलगा मॅट्रिक झाला की कचेरीत चिकटवून घेऊ. त्या एका कबुलीवर आमचं घर उभं होतं. मला चौथीतून काढली, कारण दोघांचा खर्च झेपत नव्हता. म्हणजे भावाच्या मॅट्रिकमध्ये माझीही शाळा गेलेली होती. तेव्हा त्या परीक्षेबद्दल मला बोलायचा हक्क आहे आणि मी बोलणार.

भाऊ व्हॉलीबॉल खेळायचा. शाळेमागच्या मैदानात दोन बल्ल्या रोवून जाळी बांधलेली असे. ते मैदान आमच्या शेजाऱ्यांच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या गच्चीवरून, सगळं दिसायचं, आणि वाळवणाची राखण करायच्या निमित्ताने मी तिथे बसून असे. बाकीची पोरं चेंडू जाळीपलीकडे ढकलायची. हा उडी मारून वरून असा हाणायचा की पलीकडचे अंग चोरायचे. त्याच्यासारखा मारणारा घाटावर नव्हता आणि घाटाखालीही नव्हता. जिल्ह्याच्या सामन्यांची ढाल मात्र दरसाल घाटाखालची शाळा घेऊन जायची, ते आमच्या गावाचं जुनं दुखणं. कपाशीचा भाव पडला तर गाव आठवडाभर चुकचुके, ढाल गेली की वर्षभर.

पहिल्यांदा तो खरोखरच नापास झाला. इंग्रजी आणि गणित दोन्हीत गेला. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी घाटाखालच्या त्या शाळेचा एक मास्तर छत्री घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, मुलगा आमच्याकडे द्या, बोर्डिंगात ठेवतो, फी माफ, इंग्रजीची शिकवणी आमचे हेडमास्तर स्वतः घेतील, पास करूनच परत पाठवतो. आई आतून म्हणाली, "देऊन टाका." वडीलही हो म्हणण्याच्या बेतात होते. मास्तर चहा पिऊन गेला आणि त्याची छत्री वेशीबाहेर पडायच्या आत गावभर झालं.

मग चार दिवस आमच्या घराला उसंत नव्हती. वाण्याने पेढे पाठवले. न्हाव्याने वडिलांची दाढी करता करता वस्तरा गळ्याशी धरून विचारलं, "पोट्टा घाटाखाली धाडून राह्यले म्हन्ते, खरं का?" ज्याला त्याला एकच चिंता, हा राहतो की जातो. तो पास कसा होणार याची चिंता एकालाही नव्हती.

शेवटी आमचे हेडमास्तर आले. ते पुण्याकडचे, बोलणं गोड आणि शुद्ध. भावाच्या खांद्यावर हात ठेवायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. म्हणाले, "एवढी एक ढाल आणून दे. आपले ड्रिल मास्तर थकलेत, लवकरच निवृत्त होतील. ती जागा तुझी. हा माझा शब्द."

वडील म्हणाले, "पण मॅट्रिकचं?"

"मॅट्रिक काय पळून जातंय?" हेडमास्तर हसले. "तुमच्या मुलाला देवाने कारकुनी करायला घडवलेलं नाही हो."

कारकुनालाच हे सांगितलं. वडीलही हसले, त्यांना हसावंच लागलं. भावाने तिथल्या तिथे हेडमास्तरांच्या पाया पडून शब्द दिला. घाटाखालचा मास्तर उत्तराला आला तेव्हा आईने त्याला चहासुद्धा विचारला नाही, लाज वाटली म्हणून.

त्या हिवाळ्यात ढाल आलीच नाही. बुलढाण्याला शेवटच्या सामन्यात आमची शाळा हरली, थोडक्यात हरली. घाटाखालच्यांचा एक काळा, रुंद खांद्यांचा पोरगा जाळीजवळ दोन्ही हात वर करून उभा राही आणि भावाचे फटके अडवी. भाऊ परत आल्यावर त्या पोराला शिव्या देत नव्हता, त्याचं कौतुक करत होता. त्याचं मन इतकं साफ होतं की मला चीड येई.

मग परीक्षा जवळ आली. या खेपेला वडिलांनी रोज पहाटे कचेरीच्या आधी त्याला इंग्रजीला बसवलं होतं. मिशी फुटलेला हा बाप्या गुडघे छातीशी घेऊन पाटावर बसे आणि बापासमोर स्पेलिंगं घोकी. आता तो तयार झाला होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि गावालाही कळलं. गावाने देव पाण्यात घातले. पास झाला तर शाळा सुटली, शाळा सुटली की ढाल गेली. हेडमास्तर त्याला 'नापास हो' असं कधी म्हणाले नाहीत. तेवढे शहाणे होते. परीक्षेच्या आधी दारावरून जाताना थांबले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "ढाल राहिली रे." बस, एवढंच.

गणिताच्या पेपराच्या दिवशी तो घरी आला तो शीळ घालत. मी भाजी निवडत होते. त्याने माझी जुनी पाटी काढली, मला समोर बसवलं आणि पेपरातलं हौद भरण्याचं गणित एका दमात सोडवून दाखवलं. दोन तोट्या, एक गळती, सगळं. वडिलांनी संध्याकाळी ताडून पाहिलं तर उत्तर बरोबर होतं. मी तेव्हाच म्हटलं, "दादा, मंग पास झालाच तू." त्यावर तो हसला. म्हणाला, "लिवलंच नाई. कोरा पेपर देऊन आलो."

"काऊन?"

"म्या शब्द देल्ला हाय. ढाल आणल्याबिगर सुटता येते का?"

आई चुलीपाशी होती. उठून आली आणि त्याला म्हणाली, "खाली बस."

"कायले?"

"बस म्हन्ते ना. हात पुरत नाई माहा."

तो मुकाट्याने खाली बसला आणि आईने त्याच्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. तो रडला नाही, आईच रडली. मला त्याची कीव आली नाही. मला वाटलं, अजून दोन द्याव्यात. ज्या कोऱ्या कागदासाठी माझी पाटी काढून घेतली होती, तो कागद हा तसाच कोरा देऊन आला होता.

निकालाचा पेपर नागपूरहून मोटारने यायचा. त्या दिवशी अड्ड्यावर निम्मं गाव जमलं होतं. पासांचे नंबर छापून येत. वाण्याच्या पोराने बोट फिरवत फिरवत यादी पाहिली, पुन्हा पाहिली आणि ओरडला, "नाई! नंबर नाई! राह्यला बे, आपला मानूस राह्यला!" गुलाल आधीच आणून ठेवलेला होता. ज्या तीन पोरांचे नंबर आले होते ती बिचारी आपापल्या घरी एकटीच गेली, त्यांना कोणी विचारलं नाही. हेडमास्तरांनी आमच्या दारात भावाला हार घातला. वडील कचेरीचा कोट घालून बाजूला उभे होते. येणारा जाणारा त्यांचं अभिनंदन करत होता आणि ते प्रत्येकाला नमस्कार करत होते.

त्या रात्री भाऊ जेवताना म्हणाला, "पाह्यलं का माय, लोकायचं किती प्रेम हाय ते."

पुढच्या हिवाळ्यात त्याने ढाल आणली. कशी आणली ते घाटावरची म्हातारी माणसं अजून सांगत असतील. त्या रुंद खांद्यांच्या पोराच्या हातांवर त्याने असे फटके मारले की शेवटी त्या पोराचं एक बोट मोडलं. ढाल लाकडाची, वर चांदीचा पत्रा, आमच्या जेवायच्या पाटाएवढी. ती यायला आणि शाळेला नव्या खोल्यांसाठी वर्गणी लागायला एकच गाठ पडली. हेडमास्तरांनी भावाला आणि ढालीला एका बैलगाडीत घातलं आणि गावोगाव धाडलं. सुलतानपूरला गेले, धाड गावच्या बाजारात जाऊन उभे राहिले. लोक ढालीला हात लावून पाहायचे, भावाच्या दंडाला हात लावून पाहायचे आणि वर्गणी द्यायचे. मॅट्रिकची परीक्षा त्याच दिवसांत होऊन गेली. भाऊ बसलाच नाही. वडिलांनी विचारलं तर म्हणाला, आता जागा मिळूनच राहिली आहे, कशाला बसू? हेडमास्तरांनी त्याला आठवण करून दिली नाही. खोल्या चांगल्या झाल्या, दगडी.

उन्हाळ्यात ड्रिल मास्तर निवृत्त झाले. आईने हेडमास्तरांना पुरणाच्या पोळीला बोलावलं, म्हणजे गोष्ट पक्की होईल. त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या, मीच वाढत होते. चौथीवर तुपाची धार धरली तेव्हा वडिलांनी हळूच विषय काढला.

हेडमास्तरांचा घास तोंडाशी थांबला. "अहो, पण ड्रिल मास्तरला मॅट्रिक लागतं," ते म्हणाले. "आपल्या शाळेला सरकारी ग्रँट आहे. नापास माणूस मास्तर म्हणून कसा घेऊ?"

त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते आधीपासून फसवत होते असं मला आजही वाटत नाही. फसवणाऱ्याला निदान दुसऱ्याचा विचार तरी करावा लागतो. यांनी माझ्या भावाचा तेवढाही विचार केलेला नव्हता. शब्द दिला, विसरून गेले, आणि चौथी पोळी पानात टाकायची नाही म्हणून संपवून उठले. जाताना म्हणाले, "बाहेरून बस की परीक्षेला. आता शाळेत नाव ठेवता यायचं नाही, वय झालं तुझं."

तो बाहेरून बसला. तोपर्यंत सगळं विसरला होता आणि पुन्हा शिकवायला वडिलांमध्ये जोर उरला नव्हता. या वेळी त्याने पेपर कोरे ठेवले नाहीत, भरभरून लिहिले, आणि नापास झाला. त्या निकालाला अड्ड्यावर वडील एकटेच गेले होते. कचेरीतला साहेब बदलून गेला होता आणि नव्या साहेबाला आमची ओळख नव्हती.

ड्रिल मास्तर म्हणून जो आला तो घाटाखालचा, तोच रुंद खांद्यांचा. त्यांच्या शाळेने त्याला पास करून सोडलं होतं. एक बोट वाकडंच राहिलं होतं त्याचं. माणूस भला होता, हेच आम्हाला जड गेलं, मनसोक्त शिव्याही देता येईनात. त्यानेच खटपट करून भावाला शाळेत शिपाई म्हणून लावला.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा शेजारच्या धाब्यावर चढले. भाऊ जाळी बांधत होता. दुसऱ्या कोणाला त्या कामाला स्टूल लागलं असतं, त्याला लागत नव्हतं. पोरं खेळू लागली. त्यांच्यात एक लांब हातांचा पोरगा होता, मॅट्रिकच्या वर्गातला, आणि तो वरून हाणत होता. बऱ्याच दिवसांनी तसा आवाज कानावर पडला. खेळ संपल्यावर हेडमास्तर आले. त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलत राहिले. भाऊ तिथेच जाळी गुंडाळत उभा होता.

जेवताना मी त्याला विचारलं, "काय सांगत होते त्या पोट्ट्याले?"

"अजून एक साल राह्य म्हणे. ढाल आणली का लायब्ररीतली जागा देतो म्हणे."

"आन् तू?"

"म्या काय?"

"तू काई बोलला नाई त्याले?"

भावाने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, नीट भिजू दिला आणि खाल्ला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मारतो चांगला वं तो. तो गेला तं ढाल जाईन ना."