वास्तुशांतीसाठी घेतलेल्या गोळ्या

मैत्रिणींनो, कळव्याला हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. आत माझ्या सुनेच्या, मानसीच्या, पायाची सोनोग्राफी चालू आहे.

उद्या टिटवाळ्याला आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. सकाळी पूजेचं सामान भरताना मानसी लंगडत होती. डावी पोटरी सुजून टणक झालेली. "झोपेत आखडली असेल, आई," म्हणाली.

माझी भाची तन्वी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. शेजारीच हार्मोन्सचा धडा घोकत बसली होती. तिने पुस्तक मिटलं.

"वहिनी, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतेयस का?"

मानसीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. मुहूर्त एकदा पुढे गेला, म्हणून तिने गोळ्याही तितके दिवस जास्त घेतल्या होत्या. डॉक्टरांना न विचारता, दुकानातून आणून.

"मावशी, या गोळ्यांनी क्वचित पायात रक्ताची गुठळी होते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आधी रिक्षा बोलव."

"आणि उद्याचं?" मानसीने विचारलं.

"उद्याचं गेलं खड्ड्यात. चप्पल घाल," मी म्हणाले.

रिक्षात ती हळूच म्हणाली, "आई, पाळी आली असती तर मला पूजेला बसू दिलं असतं तुम्ही?"

मी रिक्षावाल्याला लवकर चल म्हणाले.

दार अजून बंद आहे. तुमच्या सुनेने हेच विचारलं तर काय सांगाल? खरं तेच लिहा. ती बाहेर आली की मला उत्तर द्यायचं आहे.