बेबी परब तुर्की वाचते

लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात बेबी परब गेली बावीस वर्षं मिरच्यांची देठं खुडते. मिरच्या भाजायला घेतल्या की रस्त्यावरची माणसं खोकून बेजार होतात, आणि नवी बाई कामाला लागली तर पहिले आठ दिवस रडूनच काढते. बेबीला हल्ली ठसका लागत नाही. डोळ्यांत पाणीही येत नाही. सवय झाली, असं बाकीच्या बायका म्हणतात. बेबी हो म्हणते. हो म्हणायला काही कष्ट पडत नाहीत.

मागच्या नोव्हेंबरात तिचा एकुलता एक मुलगा विनीत काळ्या समुद्रात मालवाहू जहाजावरून पडला. खलाशी होता. जहाजाने दोन दिवस शोधाशोध केली आणि पुढचं बंदर गाठलं. जहाजांना कुठे वेळ असतो थांबायला! ज्या एजंटने त्याला कामावर चढवलं, त्याच्या ऑफिसची पायरी बेबी पाच महिने चढली. तिथला माणूस चहा पाजायचा आणि ‘बेपत्ता’ एवढा एकच शब्द सांगायचा. पुढे चहाही बंद झाला.

धाकटा दीर करी रोडला राहतो. सगळे त्याला तात्या म्हणतात. माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली त्याला खपत नाही. देह हाती लागला नाही तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग दिवस घालायचे, अशी रीत आहे. तात्याने तोच धोशा लावला होता.

“वयनी, असां किती दिवस चालायचां? सर्वपित्रीच्या आधी पुतळो करूया. झिलाक पाणी तरी मिळांदे.”

“सापडेल तो,” बेबी म्हणायची.

जिवंत सापडेल असं तिला वाटत होतं का? खरं सांगायचं तर तिला काहीच वाटत नव्हतं. पण पुतळ्याला हो म्हणणं म्हणजे आपल्या हाताने पोराला मारणं, एवढं मात्र तिच्या मनात पक्कं होतं.

जूनमध्ये शेजारच्या स्पृहाने, कॉलेजात जाते ती, बेबीच्या फोनवर, विनीत जिथे पडला तिथून जवळच्या तुर्की किनाऱ्यावरच्या एका गावाच्या बातम्यांची साइट उघडून दिली. सगळं तुर्की. बेबीने फोन बाजूला ठेवला.

“काकी, थांब ना गं. हे वरचे तीन टिंब दाब. आता ‘भाषांतर’. मराठी निवड. बस, झालं!”

पान क्षणभर लुकलुकलं आणि मराठी झालं. मराठी कसलं, ‘समुद्राने आज मच्छीमारांना आनंदी केले नाही’ असल्या थाटाचं. पण कळत होतं.

“हे आधीपासून होतं फोनमध्ये?”

“ब्राउझरमध्ये असतंच ते काकी. तुला माहीत नव्हतं एवढंच.”

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं आटोपली की बेबी ते पान मराठी करायची आणि एकेक दिवस मागे मागे वाचत जायची. तिथल्या हेझलनटचा भाव, मासेमारीची बंदी, विहिरीत पडलेली गाय, महापौरांच्या मुलीचं लग्न. आपल्या वॉर्डात काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता, पण त्या गावची इत्थंभूत माहिती होती. मे गेला, मार्च गेला. विसर्जनानंतरच्या सोमवारी, दुकानाला सुट्टी होती तेव्हा, ती मागच्या डिसेंबरात पोचली.

‘आमच्या रुग्णालयाने पंधरा दिवस वाट पाहिली. अनोळखी पुरुषाला घेण्यासाठी कोणी आले नाही. शुक्रवारी बेवारसांच्या दफनभूमीत त्याचे दफन झाले. इमामांनी प्रार्थना केली. नगरपालिकेचे सहा कामगार हजर होते.’

तिने त्याच्या आधीची बातमी उघडली. ‘किनाऱ्यावर पुरुषाचा मृतदेह. वय अंदाजे तीस. दंडावर अज्ञात लिपीतील अक्षरे. ही भाषा ओळखणाऱ्यांनी पोलिसांना कळवावे.’ खाली दंडाचा फोटो होता. फोटोचं भाषांतर होत नाही. झालं नाही तेच बरं. अक्षरं दोनच होती: आई.

सतराव्या वर्षी, ऐन गणपतीत, विनीत ते गोंदवून आला होता. अंगाची नासाडी केलीस म्हणून बेबीने त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नव्हतं. अक्षरांखाली इस्त्रीने भाजल्याचा डाग होता. तोही फोटोत होता.

पंधरा दिवस ती माणसं दोन अक्षरं घेऊन बसली होती. लालबागमधलं पहिलीतलं पोरही ती वाचू शकलं असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत ती एजंटच्या बाकावर चहा पीत बसली होती, हे भाषांतराचं बटण पिशवीतल्या फोनमध्ये घेऊन. तिला राग यायला हवा होता. स्वतःचा, एजंटचा, कोणाचाही. आला नाही. तिने तारीख परत एकदा वाचली आणि उठून संध्याकाळचे तांदूळ निवडायला घेतले.

सातच्या सुमाराला तात्या आला. आज भटजींना तारीख द्यायचीच, असं ठरवून आला होता.

“वयनी, पुतळ्याचां काय ता सांगा.”

“पुतळा नको, भावजी.”

तात्या काहीतरी बोलणार होता. बेबीने फोन त्याच्या हातात दिला.

“त्याला माती मिळालीय. सहा माणसं होती. आपल्यातलं कोणी नव्हतं.”